उरलंय का काय?

संध्याकाळची जेवणं उरकून, भांडी मोरीत लोटून जरा भिंतीला पाठ टेकावी, तर नेमकी दाराशी बादलीची कडी वाजायची आणि हाक यायची, "बाई, उरलंय का काय?"

तुम्हांला वाटेल, भिकारी. मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं. दार न उघडताच मी "पुढं जा बाबा" म्हणून ओरडले. "पुढनंच आलोय," बाहेरून उत्तर आलं, "तुमचंच दार राह्यलंय." दार उघडलं तर समोर आमच्याच ओळीतले आप्पा. डोक्यावर कडक टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट, आणि हातात पत्र्याची बादली. बादलीत भाकरीचे तुकडे, करपलेला भात, कुणाची तरी आंबलेली आमटी. लष्करी डेपोतला स्टोअरकीपर, ओळीत ज्याच्या शब्दाला मान, तो माणूस दारोदार शिळंपाकं मागत हिंडतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आसंल तर द्या, नसंल तर बेस," आप्पा म्हणाले. "पन बाई, उरलं म्हनून खाऊ नगा. पोट म्हंजे उकिरडा न्हाई."

आणि सायकलच्या हँडलला बादली अडकवून निघूनही गेले. मी आपली दारात उभी.

आता हे वाक्य ऐकवायचं तरी कधी? बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच होता. भिंगारच्या आमच्या ओळीत नळाला पाणी यायचं ते एखाद्यानं उपकार केल्यासारखं. सकाळी माझी शाळा, दुपारी पाण्याची रांग, मग रेशनची रांग, आणि संध्याकाळी ती रेशनची लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची. पोरं नाकं मुरडायची, आमचे हे न बोलता पाणी पीत पीत गिळायचे. त्या वर्षी मी इतकी दमलेली असायचे की कुणी नुसतं "बसा हो बाई" म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. अशात हा गृहस्थ येऊन सांगतोय, उरलेलं खाऊ नका! मनात म्हटलं, आप्पा, उरायला आधी पुरावं लागतं.

पण खरं सांगू? उरायचं. पुरत नसलं तरी उरायचं. धाकट्यानं अर्धी भाकरी चिवडून टाकलेली, ह्यांनी पातेल्यात पळीभर कालवण तसंच ठेवलेलं, भाताची खरवड. ते सगळं गोळा करून चुलीपाशी बसल्या बसल्या मी पोटात ढकलत होते. भूक असो नसो. आमची आई तेच करायची, तिची आईही. अन्न टाकायचं नाही आणि दुष्काळात तर नाहीच नाही. तेव्हा आप्पांचं बोलणं मला उगाच लागलं, असं नाही.

आप्पांना हे खूळ लागलं ते काकूंपायी.

काकू म्हणजे आप्पांचं कुटुंब. आप्पा वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे, आणि काकू अशा की त्या दारात उभ्या राहिल्या की आतलं काही दिसायचं नाही. स्वभावानं गाय. हाक मारली की हातातलं काम टाकून येणार. त्यांच्या बेंबीशी एक गाठ आली होती. आधी लिंबाएवढी होती, ती वाढत वाढत कवठाएवढी झाली. खोकला आला की काकू दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीला टेकायच्या. आप्पा त्यांना नगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं, की आतडं बाहेर येतंय, एखाद्या दिवशी अडकलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन करावंच लागेल, पण एवढ्या चरबीत टाका धरायचा नाही. आधी वजन उतरवा, उन्हाळा सरायच्या आत.

"बाई खातात काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळच्याला अर्धी भाकर, सांजच्याला अर्धी," काकू म्हणाल्या.

"मग काय हवा खाऊन फुगल्या?" म्हणून डॉक्टर हसले.

ते हसू आप्पांच्या जिव्हारी लागलं. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला ते सगळं सांगितलं. "आमची मंडळी खोटं बोलत न्हाई, बाई. माझ्यासमोर बसती आन् अर्धीच खाती. मग स्टोअरात माल वाढतोय कसा? कुठनं तरी आवक हाय! ती आवक हुडकल्याबिगर मी गप बसनार न्हाई."

आणि ते लागले हुडकायला. पण आप्पांचा एक नियम होता. काकूंना जे करायला सांगायचं ते आधी स्वतः करून बघायचं. "मानसाला नवा माल द्यायच्या आदी तपासून घ्यावा लागतो," असं त्यांचं म्हणणं. चहातला गूळ बंद, तर आधी आप्पांचा बंद. जेवायला मोठं ताट नको, पोरीबाळींची ताटली घ्यायची, तर आधी आप्पांनी ताटली घेतली. जेवणाआधी तांब्याभर पाणी प्यायचं, घास चावून चावून त्याचं पीठ करायचं, भाजीला तेलाचा नुसता वास दाखवायचा. एकदा मी काही कामानं गेले तर आप्पा डोळे मिटून घास चावतायत आणि म्हातारबा, म्हणजे आप्पांचे वडील, समोर बसून काळजीनं बघतायत. "ह्याच्या अंगात देवी आली का काय गं?" म्हाताऱ्यानं मला विचारलं.

सकाळी उजाडायच्या आत आप्पा काकूंना किल्ल्याकडं फिरायला न्यायचे. आप्पा पुढं, काकू मागं. जाताना भेटेल त्याला काकू "बरं हाय ना?" म्हणून विचारत थांबायच्या, आणि येताना कुणाच्या तरी घरी चहा ठरलेला. आप्पा तिथंही गुळाविना चहा घ्यायचे आणि काकूंना यजमानीण आग्रह करकरून दोन चमचे जास्त घालून द्यायची. आता पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं?

वजन करायला ते काकूंना मार्केटात एका आडत्याच्या वखारीत न्यायचे. पोती मोजायचा तो लोखंडी काटा. आप्पा म्हणायचे, दवाखान्यातल्या काट्यापेक्षा हाच भरवशाचा, कारण इथं शेतकरी उभा असतो बघायला. काकू तोंडावर पदर घेऊन काट्यावर चढायच्या आणि हमाल म्हणायचा, "हालू नगा काकी, भाव पडंल." सगळी वखार हसायची. काकूही पदराआड हसायच्या. आप्पा मात्र काट्याकडं असे बघायचे की जणू कोर्टाचा निकाल लागतोय. काटा काही हलायचा नाही.

वजन उतरलं ते आप्पांचं. आधीच काय होतं त्या अंगावर! गालफडं आत गेली, टोपी कानांवर उतरली. डेपोत कुजबूज सुरू झाली की आप्पांना क्षय झालाय. एक जण म्हणाला, दुष्काळात गावाकडचे लोक आलेत घरात, म्हणून हा उपाशी राहतो. तो अगदीच चुकला नव्हता. कारण तेवढ्यात आप्पांचं गावाकडचं घर खरोखरच त्यांच्या दोन खोल्यांत येऊन पडलं होतं. नेवाशाकडच्या त्यांच्या गावाला विहिरींनी तळ गाठला होता. धाकटा भाऊ आपल्या दोन पोरी आणि बैलजोडी घेऊन आला. त्याची बायको तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला राहिली. बैल घोडेगावच्या बाजारात मातीमोलानं द्यायचं भावाच्या जिवावर आलं, म्हणून ती जोडी भिंगारबाहेरच्या गुरांच्या छावणीत बांधली. म्हातारबा आधीपासून होतेच.

आणि त्या गर्दीतच आप्पांना आवक सापडली.

झालं असं, की एका दुपारी जेवून डेपोत जाताना आप्पा चष्मा विसरले. अर्ध्या वाटेवरून परत आले. स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थबकले. काकू भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. पुढ्यात सगळ्यांची ताटं. म्हातारबांच्या तोंडात दात नाहीत, ते भाकरीचा मऊ पापुद्रा खाऊन कडा ठेवायचे. पोरींना मिलो कडू लागायची, त्या अर्ध्या ठेवून उठायच्या. शेजारून कुणी "काकू, जरा उरलंय, तुम्ही टाकायच्या नाहीत" म्हणून वाटीभर आणून दिलेलं. काकूंनी ते सगळं एका ताटात कुस्करलं होतं, कोरडं जाईना म्हणून वर तेल आणि शेंगदाण्याची चटणी घातली होती, आणि मुकाट खात होत्या. जेवण म्हणून नव्हे हो. काम म्हणून, आपण चूल सारवतो तसं.

"ह्ये काय चाललंय?" आप्पा म्हणाले.

काकू दचकल्या. "अवो, उरलं हुतं."

"तू जेवलीस न्हवं माझ्यासमोर?"

"जेवले की, अर्धी भाकर. ह्ये जेवान न्हाई, ह्ये उरल्यालं हाय."

बघा! बाई खोटं बोललीच नव्हती. उरलेलं खाणं हे खाण्यात धरायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुणी सांगितलं होतं?

"टाकून दे," आप्पा म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा काकूंनी नवऱ्याला उलट उत्तर दिलं. "टाकू? आवंदा? मान्सं खडी फोडाया लागल्यात घासासाठी आन् मी भाकर टाकू? माज्याच्यानं व्हनार न्हाई."

आप्पाही त्यातलेच. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस, तोही भाकरी उकिरड्यावर टाकणार नव्हता. दोन दिवस ते छावणीत बैलांपाशी जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी पत्र्याची बादली आली.

घरातलं उरलेलं सगळं बादलीत, बादली छावणीत, बैलांना. म्हणजे टाकलंही नाही आणि काकूंच्या पोटातही गेलं नाही. पण शेजारणींच्या वाट्या काही थांबेनात, म्हणून मग आप्पा स्वतःच दारोदार. "उरलंय का काय? आमच्या घरात धाडू नगा, बैलाला द्या." ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी म्हणे डोकं फिरलं, कुणी म्हणे चिकट माणूस, फुकटात बैल पोसतोय. आप्पांना काही नाही. त्यांनी घरातही सुधारणा चालवल्या. भाकऱ्या माणशी मोजून थापायच्या, म्हातारबांच्या कडा आधीच ताकात भिजवून मऊ करून द्यायच्या, पोरींना आधी पाव भाकरी वाढायची, मागितली तर आणखी. आणि काकूंनी शेवटी बसायचं नाही, सगळ्यांबरोबर बसायचं. सासऱ्याच्या समोर! काकू पहिले काही दिवस लाजून जेवल्याच नाहीत. म्हातारबाच शेवटी म्हणाले, "बस गं पोरी. मला आता कुठं नीट दिसतंय?"

आणि काय आश्चर्य, वखारीतला काटा हलला. आप्पांनी हमालाला चहा पाजला, आणि स्वतःही गूळ घालून प्याले. फिरायला जाताना काकू आता मधे थांबेनाशा झाल्या, चालताना त्यांना दमही कमी लागायचा. डॉक्टरांनी बघून मान हलवली, म्हणाले, असंच चालू द्या.

पण काकू हसेनाशा झाल्या. एकदा नळावर हंडा लावून आम्ही दोघी बसलो होतो. पाणी करंगळीएवढं येत होतं, तेव्हा वेळच वेळ. मी म्हटलं, "काकू, बारीक झालात हो, छान दिसताय." तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बाई, ह्यांचं मन उडालं माज्यावरनं."

"अहो काहीतरीच काय! तुमच्यासाठी तो माणूस बादली घेऊन गावभर हिंडतोय."

"तुमाला न्हाई कळायचं. ताट पुसून ठेवत्यात त्ये."

मला खरंच कळलं नाही. मग काकूंनी डोळे पुसून सांगितलं. लग्न होऊन त्या गावाकडच्या त्या मोठ्या घरात आल्या तेव्हा अगदी पोर होत्या. घरात माणसं मायंदाळ. आधी गडीमाणसं जेवायची, मग लेकरं, मग सासवा, आणि शेवटी सुना. नव्या सुनेपर्यंत टोपलं यायचं तेव्हा तळाला पीठच असायचं. बोलायची सोय नव्हती, मोठ्यांच्या देखत नवराबायकोनं एकमेकांकडं बघायचीही चोरी. तेव्हा बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत होती. तर आप्पा काय करायचे, आपल्या ताटात अर्धी भाकर ठेवून उठायचे, आणि तिच्याखाली कुणाला दिसणार नाही असा गुळाचा खडा. आई ओरडायची, एवढं वाढून घेतो आणि टाकून उठतो, मस्तवाल कुठला! आप्पा शिव्या खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचे.

"पुढं भिंगारला आलो, दोघंच ऱ्हायलो, खायाला भरपूर झालं," काकू म्हणाल्या. "तरी ठेवायचेच. घासभर का हुईना. गूळ न्हाई तर न्हाई, पन घास ठेवायचे. मी त्यो पयला खायची, मग माझी भाकर. लगीन झाल्यापासनं ह्यो नेम कदी मोडला न्हाई बाई. आन् आता ताट आसं पुसत्यात की त्यात तोंड दिसावं. मी जाडी झाले, आजारी पडले, मी आता कशाला पायजे?"

माझा हंडा भरून वाहायला लागला होता. दुष्काळात पाणी वाहतंय आणि मी बसलेली. मागची बाई खेकसली तेव्हा उठले.

मला दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची हौस नाही. माझा मलाच आवरत नाही. पण त्या संध्याकाळी आप्पा बादली घेऊन आले तेव्हा मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि सरळ सांगितलं. आप्पांनी टोपी काढली. किती तरी वेळ ती गुडघ्यावर ठेवून तिची घडी नीट करत बसले.

"मला कळत न्हाई व्हय, बाई?" शेवटी म्हणाले. "रोज हात घास ठेवाया जातो. रोज मागं घेतो. एक घास ठिवला की ती म्हननार, उरलं हुतं, आन् मग समदंच उरल्यालं खायाला मोकळी. आदी ती जगली पायजेल का न्हाई? ती ऱ्हायलीच न्हाई तर मी घास कुनासाठी ठेवू?" त्यांचा आवाज फाटला. मी तिकडं बघितलं नाही.

"मग हे तिलाच सांगा ना."

"काय सांगू? आमाला बोलायची सवंच न्हाई." आणि बादली उचलून गेले. त्या दिवशी "उरलंय का काय" विचारायचंही विसरले.

मी आपलं काकूंना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "तुमी माजं मन राखाया सांगताय," आणि हंडा उचलून चालायला लागल्या.

उन्हाळा सरता सरता काकूंना दवाखान्यात घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी आप्पा बाहेरच्या बाकावर बूट काढून, मांडी घालून बसले होते. देवळात बसावं तसे. भाऊ डबा घेऊन आला, उघडलाही नाही. आमचे हे चहा घेऊन गेले, तो निवला. ऑपरेशन नीट पार पडलं. तरी दोन दिवस काकूंना पाण्यावर ठेवलं होतं, आणि आप्पांनीही तेवढंच केलं. आधी स्वतः करून बघायचं, हा नियम होताच ना!

डॉक्टरांनी मऊ भात द्यायला सांगितला त्या दिवशी डबा माझ्याकडून गेला. आमच्या घरातला उरलासुरला तांदूळ मी त्यात घातला. मऊ भात, वर मेतकूट, आणि तोंडाला चव यावी म्हणून गुळाचा लहानसा खडा. शाळा सुटल्यावर मीच घेऊन गेले. बायकांचा मोठा वॉर्ड, दोन्हीकडं खाटा, खाटांखाली गाठोडी. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. आप्पा खाटेजवळ स्टुलावर. दाढी वाढलेली, टोपी खिशात.

मी ताटलीत भात काढून दिला, कडेला गुळाचा खडा ठेवला. काकूंनी आप्पांकडं बघितलं. नवरा समोर उपाशी आणि आपण आधी जेवायचं, हे त्या बाईला मरणापेक्षा अवघड. "तुमी?" त्या म्हणाल्या. "तू खा," आप्पा म्हणाले.

त्या हळूहळू खायला लागल्या. खाता खाता थांबल्या. अर्ध्याहून जरा कमी भात ताटलीत राहिला होता. तो त्यांनी बोटांनी एका कडेला सारला, नीट थापला, आणि हात मागं घेतला. मला वाटलं, जात नसेल. मी ताटली उचलायला पुढं झाले.

तेवढ्यात आप्पा स्टुलावरून वाकले. अगदी हळू, चोरट्यासारखं विचारलं, "उरलंय का काय?"

काकूंनी ताटली त्यांच्याकडं सरकवली.

आणि आप्पा ते खायला लागले. भर वॉर्डात, बायकांच्या घोळक्यात, बायकोचं उष्टं. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं बया! बाप्या बायकूच्या ताटात जेवतोय!"

"व्हय आजे, जेवतोय," आप्पा भरल्या तोंडानं म्हणाले. सगळा वॉर्ड बघत होता आणि त्यांना कशाची म्हणून लाज नव्हती. बोटं भाताच्या तळाशी गेली आणि थांबली. खाली गुळाचा खडा होता. मी दिलेला, तसाच्या तसा.

आप्पांनी खडा चिमटीत धरला आणि काकूंकडं बघितलं. दोघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी खडा दातांनी फोडला, अर्धा काकूंच्या तळहातावर ठेवायला गेले, तर त्यांनी मूठ मिटून घेतली.

"समदा तुमीच खावा," काकू म्हणाल्या. "किती वाळलाय तुमी."